‘जरा बघा ना, सर’ने विमान थांबत नाही

गेल्या पावसाळ्यात नागपूरहून मुंबईला येत होतो. रात्रीची फ्लाइट, निघतानाच तासभर उशीर, आणि मुंबईवर आल्यावर खिडकीबाहेर नुसता काळोख आणि पंखाच्या दिव्यात चमकणारा पाऊस. मग एकदाचे खालचे दिवे दिसले. चाकं उघडल्याची घरघर ऐकू आली. लोकांनी सवयीप्रमाणे टेकायच्या आधीच मोबाइल बाहेर काढले. आणि अचानक इंजिनांचा आवाज चढला, पाठ सीटला दाबली गेली, आत्ताच दिसलेले दिवे पुन्हा ढगात बुडाले.

दोन-तीन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग कॅप्टनबाईंचा शांत आवाज आला. अप्रोच स्थिर नव्हता, म्हणून आम्ही पुन्हा वर आलो, पंधरा-वीस मिनिटांत परत प्रयत्न करू.

मागच्या रांगेतले काका म्हणाले, “एवढं खाली आणून परत वर! नवीन दिसतेय पोरगी.” त्यांच्या शेजारचे म्हणाले, “एअर फोर्सवाला असता ना, कसंही टेकवलं असतं.” पलीकडून कोणीतरी, “माझी शेवटची कसारा गेली आता.” आणि मी? मी या सगळ्यांपेक्षा शहाणा होतो असं सांगायला आवडलं असतं, पण मीसुद्धा घड्याळ बघून चरफडलोच. सकाळी नऊला मीटिंग होती.

हा लेख त्या काकांच्या विरोधात आहे. माझ्याही विरोधात आहे. ‘कसंही टेकवलं असतं’ या वाक्याला आपण कौतुक समजतो. माझं म्हणणं असं, की हे वाक्य माणसं मारतं.

बारावीपर्यंतचं गणित

प्रवासी विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उतारानं येतं. म्हणजे दर नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट खाली. वेग १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास धरला, तर मिनिटाला साधारण ७४० फूट उंची कमी होते. हजार फुटांवर असलेल्या विमानाकडे टेकायला ऐंशी सेकंद उरलेले असतात. तुम्ही यूपीआयचा पिन टाकून पैसे गेले की नाही याची वाट बघता, कधीकधी त्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

या ऐंशी सेकंदांत काय काय नीट असायला हवं याची यादी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेनं करून ठेवली आहे, आणि जगभरातल्या विमान कंपन्या थोड्याफार फरकानं तीच वापरतात. विमान योग्य मार्गावर हवं. वेग ठरलेल्या पट्ट्यात हवा. चाकं आणि पंखांचे फ्लॅप लँडिंगसाठी उघडलेले हवेत. खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांपेक्षा जास्त नको. इंजिनाची ताकद त्या वेगाला साजेशी हवी. चेकलिस्ट वाचून झालेली हवी. ढगांत असाल तर हे सगळं विमानतळाच्या उंचीपासून १००० फुटांवर जमलेलं असायला हवं, स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर. जमलं तर अप्रोच स्थिर. नाही जमलं तर तो अस्थिर, आणि मग एकच काम उरतं: इंजिनांना ताकद द्यायची, वर जायचं, पुन्हा यायचं. याला गो-अराउंड म्हणतात.

इतका काटेकोरपणा का? कारण वेग दहा टक्के जास्त असेल तर ऊर्जा दहा नव्हे, एकवीस टक्के जास्त असते. वेगाचा वर्ग, आठवतंय ना? ती जास्तीची ऊर्जा ब्रेकना खायची असते, तीही बहुतेक वेळा ओल्या धावपट्टीवर. शिवाय जास्त वेगातलं विमान जमिनीजवळ आलं की टेकायला तयार होत नाही, तरंगत राहतं. ते तरंगत असताना खालून धावपट्टी संपत असते. आणि उंची जास्त आहे म्हणून पायलटनं इंजिनं अगदी कमी केलेली असतील, तर ऐनवेळी ताकद मागितल्यावर जेट इंजिन ती लगेच देत नाही. काही सेकंद घेतं. जमिनीजवळ काही सेकंद म्हणजे फार होतात.

हे सगळं प्रत्येक पायलटला पाठ असतं. तरी काय होतं बघा. याच फाउंडेशनच्या अभ्यासानुसार शंभरातले साधारण तीन-चार अप्रोच अस्थिर असतात. आणि त्या अस्थिर अप्रोचपैकी शंभरातले सत्त्याण्णव तसेच पुढे रेटून टेकवले जातात. फक्त तीन परत वर जातात.

सत्त्याण्णव टक्के वेळा मोडला जाणारा नियम. आपल्याकडे हेल्मेटचीसुद्धा स्थिती याहून बरी असावी.

पायलट काय म्हणतात

गेली दोन-तीन वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे, आणि कॉलेजातला एक मित्र आता विमान उडवतो, त्याच्याशी भांडतो आहे. पायलटांमध्ये यावर खरंच वाद आहे, आणि वाद घालणारे मूर्ख नाहीत. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊ.

पहिलं म्हणणं: अस्थिर म्हणजे लगेच असुरक्षित नव्हे. हजार फुटांवर वेग पाच नॉट जास्त असेल आणि तो कमी होत असेल, तर नऊशे फुटांवर सगळं ठीक होणार हे अनुभवी माणसाला दिसतं. तेवढ्यासाठी दोनशे लोकांना परत ढगात न्यायचं?

दुसरं: गो-अराउंड फुकट नसतो. इंधन जातं, वेळ जातो, आणि तो स्वतःच धोक्याचा असू शकतो. हे खरं आहे. २०१३ साली रशियात कझानला एक बोइंग ७३७ गो-अराउंड करताना कोसळलं, ५० जण गेले. २०१६ साली रोस्तोव्हला तसंच झालं, ६२ गेले. विमान हलकं झालेलं, इंजिनं पूर्ण ताकदीवर, नाक वर उचललं जातं, अंधारात शरीराला चुकीच्या संवेदना होतात. पायलट वर्षानुवर्षं लँडिंग करतात. गो-अराउंड मात्र वर्षातून एखाददुसरा.

तिसरं: हवाई नियंत्रण कक्षच आम्हाला घाईत ढकलतो. मागे विमानांची रांग आहे, वेग कमी करू नका, असं शेवटच्या काही मैलांपर्यंत सांगायचं, आणि मग हजार फुटांवर सगळं स्थिर पाहिजे म्हणायचं.

चौथं म्हणणं सहसा कोणी लिहून ठेवत नाही. माझा मित्र रात्री अकरानंतर ते बोलला. “अरे, गो-अराउंड केला की मनात कुठंतरी हरल्यासारखं वाटतं.”

आता माझं उत्तर.

पहिला मुद्दा बरोबर आहे आणि तोच सगळ्यात घातक आहे. पाच नॉट जास्त असताना टेकवलं, काही झालं नाही. पुढच्या वेळी दहा. तेव्हाही काही झालं नाही. १९८६ साली चॅलेंजर यान फुटलं. त्यावर अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी नेमकं हेच दाखवलं, की नासातल्या लोकांनी एका रात्रीत नियम तोडला नव्हता. आधीच्या उड्डाणांत रबरी कड्या थोड्या जळाल्या, यान सुखरूप आलं, मग थोडं जळणं ‘नॉर्मल’ झालं. सत्त्याण्णव वेळा निभावलं, यानं अप्रोच सुरक्षित होता हे सिद्ध होत नाही. निभावलं, एवढंच सिद्ध होतं. पण आपला मेंदू त्यातून कौशल्य नावाची गोष्ट तयार करतो.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर त्या मुद्द्यातच आहे. गो-अराउंड अवघड वाटतो कारण तो क्वचित केला जातो. मग त्याचा सराव वाढवा. अग्निशमनाचा सराव करताना एखाद्याचा पाय मुरगळला म्हणून आपण जिना बंद करत नाही. शिवाय हजार फुटांवर ठरवून केलेला गो-अराउंड आणि धावपट्टी संपत आल्यावर घाबरून केलेला गो-अराउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण पुढे येतंच आहे.

तिसरा मुद्दा मला मान्य आहे. नियंत्रण कक्षानं सुधारायलाच हवं. पण पायलटकडे त्यासाठी एक अधिकृत शब्द असतो, ‘अनेबल’. जमणार नाही. तो वापरल्याबद्दल कोणाचं लायसन्स जात नाही.

आणि रेघ हजार फुटांवरच का, नऊशेवर का नाही? कुठलीही रेघ थोडी मनमानी असणारच. अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी माणूस अचानक बालिश नसतो. रेघेचा उपयोग असा, की ती शांत डोक्यानं, जमिनीवर बसून, आधी आखलेली असते. तुम्ही दमलेले असता, पाऊस असतो, धावपट्टी समोर दिसत असते, घर दहा मिनिटांवर असतं, त्या क्षणी तुमचं डोकं ‘जमेल’ हेच उत्तर देणार. त्या डोक्यावर तेव्हा विश्वास ठेवायचा नाही, म्हणून रेघ. रेघ बदलायची असेल तर जरूर चर्चा करा, आकडे मांडा, कागदावर बदला. पण ती चर्चा आठशे फुटांवर करायची नसते.

मंगळूर

२२ मे २०१०. एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं बोइंग ७३७ पहाटे मंगळूरला उतरत होतं. मंगळूरची धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे डोंगराचा माथा सपाट करून केलेली, टोकाला दरी. हवा स्वच्छ होती. विमानात बिघाड नव्हता.

चौकशी समितीचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या समितीच्या अहवालात जे आहे ते एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सक्तीनं वाचायला द्यावं असं आहे. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपले होते. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये घोरण्याचा आवाज आहे. मंगळूरचं रडार तेव्हा बंद होतं, त्यामुळे खाली यायला उशिरा सुरुवात झाली. शेवटच्या टप्प्यात विमान असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. ते खाली आणण्यासाठी जो दर वापरला तो मर्यादेच्या कितीतरी पट होता. यंत्र इशारे देत होतं. को-पायलटनं गो-अराउंड करा असं सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा.

८०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५२०० फूट ओलांडल्यावर टेकलं. त्यानंतरही, समितीच्या मते, ब्रेक पूर्ण दाबून ठेवले असते तर कदाचित थांबलं असतं. पण तेव्हा कॅप्टननी गो-अराउंडचा प्रयत्न केला. आकाशात तीनदा नाकारलेला निर्णय जमिनीवर घेतला. १६६ जणांपैकी आठ वाचले.

अहवालानं थेट कारण म्हणून जे नोंदवलं ते असं: अस्थिर अप्रोच सोडून न देणं, आणि को-पायलटच्या तीन सूचना व यंत्राचे इशारे असूनही लँडिंगचा हट्ट धरणं.

ही एका परदेशी कॅप्टनची चूक म्हणून आपण सोडून देऊ शकलो असतो. पण बरोबर दहा वर्षांनी, २२ मे २०२० रोजी, कराचीत पाकिस्तानच्या सरकारी कंपनीचं एअरबस असंच फार उंचावरून, फार वेगानं आलं. नियंत्रकानं उंचीबद्दल सावध केलं, आम्ही ठीक आहोत असं उत्तर आलं. चाकं आत असतानाच विमान धावपट्टीवर इंजिनांवर घासत गेलं. मग वर उचललं. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान वस्तीवर कोसळलं. ९९ जणांपैकी दोघे वाचले. त्याआधी २००७ साली इंडोनेशियात योग्यकर्त्याला असंच, को-पायलट गो-अराउंड म्हणत असताना, २१ गेले. देश बदलतात, धर्म बदलतात, विमानाची कंपनी बदलते. कॉकपिटमधलं संभाषण बदलत नाही.

कोळिकोड, आणि आपला व्हॉट्सॲप

७ ऑगस्ट २०२०. लॉकडाऊनचे दिवस. वंदे भारत मोहिमेतली फ्लाइट, पुन्हा एअर इंडिया एक्सप्रेस, पुन्हा दुबईहून, पुन्हा बोइंग ७३७, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. विमानात १९० जण. कॅप्टन होते दीपक साठे, एनडीएतून हवाई दलात गेलेले, विंग कमांडर, दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव. आपल्यातला माणूस. नागपूरला आई-वडील, मुंबईत घर.

त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मजकूर आला. तुमच्याही आला असेल. विमानाची चाकं उघडत नव्हती, म्हणून साठ्यांनी आकाशात तीन फेऱ्या मारून इंधन संपवलं आणि आग लागू दिली नाही, असं त्यात होतं. मी तो पुढे पाठवला. खाली हात जोडल्याच्या इमोजी टाकल्या. तेव्हा माझे डोळे खरंच भरून आले होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. त्यात चाकं न उघडण्याची गोष्ट नाही. पहिला प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर गेलं होतं, तेवढं खरं. त्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. मुसळधार पाऊस होता. दुसऱ्या प्रयत्नात उलट दिशेची धावपट्टी घेतली, आणि वारा शेपटीकडून होता. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधन शिल्लक होतं. शेवटच्या पाचशे फुटांत खाली येण्याचा दर मर्यादेबाहेर गेला. विमान तरंगत राहिलं आणि ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे टाकून. एकवीस जण गेले. दोन्ही पायलट त्यांतच.

मी त्या रात्री पुढे पाठवलेला मजकूर खोटा होता, एवढंच मला म्हणायचं नाही. अहवालातली दुसरी एक गोष्ट मला अजून सोडत नाही. को-पायलटनं धोका ओळखला होता. पण त्याचे पहिले शब्द ‘गो-अराउंड’ नव्हते. आधी आलं ते ‘जरा चेक करा’ अशा धर्तीचं काहीतरी. मग नुसतं ‘कॅप्टन’. गो-अराउंड हे स्पष्ट शब्द आले तोवर जवळपास निम्मी धावपट्टी संपली होती. कॉकपिटमधल्या अधिकाराच्या उतरंडीचा उल्लेख अहवालात आहे.

हा बत्तीस वर्षांचा तरुण आणि समोर हवाई दलातला मानाची तलवार मिळवलेला, वडिलांच्या वयाचा माणूस. तुम्ही काय म्हणाला असता? खरं सांगा. आपल्याला घरी काय शिकवलंय? मोठ्यांना ‘तुम्ही चुकताय’ असं तोंडावर म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर ‘नाही म्हणजे, मी काय म्हणत होतो, एकदा बघायचं का?’ या भाषेला आपण संस्कार म्हणतो. जेवणाच्या ताटावर ते संस्कारच आहेत. दीडशे फुटांवर ती भाषा निरुपयोगी आहे, कारण तिचा अर्थ लागायला दोन सेकंद जास्त जातात.

माझा अप्रोच

मी हे इतक्या तावातावानं का लिहितोय? मी पायलट नाही. मी बॅकएंड इंजिनिअर आहे, माझ्या चुकीनं कुणी दरीत पडत नाही. पण एक गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथं आम्ही कर्जाचे हप्ते खात्यातून वळते करणारी सिस्टीम बनवायचो. शुक्रवारची संध्याकाळ, सोमवारी क्लायंटसमोर रिलीज दाखवायचं होतं. स्टेजिंगवर तीन टेस्ट फेल होत होत्या. त्या अधूनमधून फेल व्हायच्याच. लीड म्हणाले, “त्या नेहमीच्याच आहेत रे, टाकून दे.” मी त्यातली एक उघडून पाहिली होती. मला दिसलं होतं की कनेक्शन तुटलं तर तीच विनंती दुसऱ्यांदा जाऊ शकते. मी चॅटवर लिहिलं, “सर, एकदा बघून घ्यायचं का?” पुढे हसरा चेहरा. उत्तर आलं, “होईल रे.” मी अप्रूव्हचं बटण दाबलं आणि घरी जाऊन मॅच बघितली.

शनिवारी सकाळी सुमारे चार हजार खात्यांतून हप्ता दोनदा गेला होता.

रोलबॅक केला, दोन रात्री जागून सगळं दुरुस्त केलं. सपोर्टच्या टीमनं एक कॉल ऐकवला तो अजून कानात आहे. सोलापूरचे एक रिक्षावाले दादा. आवाज चढवत नव्हते. “साहेब, आईच्या औषधाला ठेवले होते तेवढेच होते. कधी येतील?” सहा दिवसांनी आले. त्या सहा दिवसांत त्यांनी काय केलं असेल ते मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात कंपनीनं मला ‘स्पॉट अवॉर्ड’ दिलं. दोन रात्री जागून सिस्टीम वाचवली म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसून फोटो काढला.

शुक्रवारी मी ‘नाही, हे आज जाणार नाही’ म्हटलं असतं तर? रिलीज पुढे गेलं असतं, क्लायंट चिडला असता, लीड महिनाभर तिरके बोलले असते, आणि काहीच घडलं नसतं. काहीच न घडल्याबद्दल अवॉर्ड नसतं. टाळलेल्या अपघाताचा फोटो निघत नाही, त्यावर फॉरवर्ड बनत नाही. आगीतून बाहेर काढणाऱ्याला आपण हीरो करतो आणि आग लागण्याआधी गॅस बंद करणाऱ्याला भित्रा म्हणतो. ‘नवीन दिसतेय पोरगी’ म्हणतो.

मेलेल्या माणसावर सगळं ढकलू नका

इथं कोणी म्हणेल, म्हणजे तू एका शहीद माणसाला दोषी ठरवतोयस. नाही. फॉरवर्डमधला देवमाणूस खोटा आहे, तसाच ‘सगळी पायलटची चूक’ हा निकालही अर्धवट आहे. अपघातानंतर कॅप्टनचं नाव पुढे करून फाइल बंद करणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं, कारण कॅप्टन उत्तर द्यायला नसतो.

कोळिकोडच्या अहवालात हेही आहे: कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहूनच दुसरी फ्लाइट न्यायची होती. दुसरीकडे उतरले असते तर ती हुकली असती. आणि कोळिकोडला पुरेसे कॅप्टन उपलब्ध नव्हते, ते कंपनीच्या मनुष्यबळ धोरणामुळे. म्हणजे त्या रात्री कॉकपिटमध्ये फक्त दोन माणसं नव्हती. उद्याचं वेळापत्रकही तिथं बसलेलं होतं.

म्हणून ‘पायलटनी शिस्त पाळावी’ एवढ्यावर थांबणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सत्त्याण्णव टक्के लोक नियम मोडतात तेव्हा ते सत्त्याण्णव बेशिस्त आहेत असं समजणं हा आळस आहे. नियमावर लिहिलेलं एक आणि व्यवस्था रोज मागते ते दुसरं, असा त्याचा अर्थ होतो. कंपनी पोस्टरवर ‘सेफ्टी फर्स्ट’ लिहिते आणि मोजते मात्र वेळेवर पोचलेली विमानं. जाहिरातीतही वेळेवर पोचण्याचाच आकडा येतो. तुम्ही कधी ‘गेल्या वर्षी आमच्या पायलटांनी इतके अस्थिर अप्रोच वेळीच सोडून दिले’ अशी जाहिरात पाहिली आहे?

प्रत्येक विमानातल्या रेकॉर्डरमध्ये ही माहिती असते. कंपन्या ती तपासतातही. मग ती नावं काढून, नुसते आकडे म्हणून, दरवर्षी जाहीर करा. किती अप्रोच अस्थिर होते, त्यांतले किती सोडून दिले. दोनच आकडे. आम्ही तिकीट काढताना पाय पसरायला किती इंच मिळतील ते बघतो, हेही बघू.

आणि ‘गो-अराउंड’ हा शब्द कॉकपिटमध्ये कोणीही उच्चारला तर तो अंतिम. वयानं, तासांनी, तलवारीनं तो खोडता येणार नाही. अनेक कंपन्यांच्या नियमपुस्तकांत हे आहेच. पुस्तकात होतंच, मंगळूरलाही आणि कोळिकोडलाही सांगणारा माणूस होता. कमतरता ऐकण्याच्या सवयीची होती. ती सवय सिम्युलेटरमध्ये लावायची असेल तर ज्येष्ठ कॅप्टनना तिथं को-पायलटच्या एका शब्दावर वर जायला लावा, शंभरदा, कारण न विचारता. कारण विचारायला खाली उतरल्यावर भरपूर वेळ असतो.

आता आपलं काय? आपण कॉकपिटमध्ये नसतो, पण तिथल्या हवेत आपला वाटा असतो. माझ्या मित्राला ‘हरल्यासारखं’ वाटतं ते कुणासमोर? आपल्यासमोर. मऊ लँडिंगला टाळ्या वाजवणाऱ्या आणि गो-अराउंडनंतर तोंड वाकडं करून उतरणाऱ्या आपल्यासमोर.

त्या रात्री आमचं विमान पंचवीस मिनिटांनी उतरलं. जरा जोरातच आदळलं, ओल्या धावपट्टीवर तसंच उतरायचं असतं हे मला नंतर कळलं. दारात कॅप्टनबाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या असतील. लोक त्यांच्याकडे न बघता उतरत होते. काका पुटपुटत गेले. मला थांबून ‘थँक यू, वर नेलंत ते बरं केलं’ म्हणायचं होतं. मागून रांग ढकलत होती, बॅग खांद्यावरून घसरत होती, आणि मी नुसतं हसून पुढे गेलो.

पुन्हा एकदा, ‘जरा बघा ना, सर’ एवढंच.

त्या नोकरीनंतर एक बदल मात्र मी केलाय. आता रिलीज थांबवायचं असेल तर चॅटवर हसरा चेहरा टाकत नाही. ‘नाही. आज जाणार नाही’ असं लिहितो, आणि मग कारण लिहितो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थरथरत होते. लीड दिवसभर बोलले नाहीत. सिस्टीमला काहीही झालं नाही, कुणालाही कळलं नाही, आणि सोलापूरहून कुणाचाही फोन आला नाही.